अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला बोलावलेली नाट्यसंगीताची मैफल

घरच्या कार्यक्रमाला नाट्यसंगीत गाणारा ग्रुप बोलवायचा तर आधी काय विचारून घ्यावं, हे मला सांगायला कुणी नव्हतं. आता अनुभव गाठीशी आहे, तर सविस्तर लिहिते. ग्रुपचं नाव मात्र लिहीत नाही. दोन गोष्टी चुकल्या, त्या मला लपवायच्या नाहीत, आणि गावोगाव फिरून गाणाऱ्या माणसांचं पोट त्यांच्या नावावर चालतं. असे ग्रुप आपल्या भागात बरेच आहेत. जे मी विचारलं नाही ते तुम्ही विचारा, म्हणजे झालं.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. हळदीचे सौदे, तोलाई, हमाली, पट्ट्या यांत अठ्ठावीस वर्षं गेली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, साखर कारखान्यात टाइमकीपर होते. यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. सकाळी होमहवन, दुपारी जेवण, आणि साडेचारपासून गाणं, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. हॉल लहान होता. नव्वद माणसं, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची.

फोनवर बोलले ते ग्रुपचे पेटीवाले. त्यांनी चांगले प्रश्न विचारले. माणसं किती, बैठक गाद्यांवर की खुर्च्यांवर, हॉलला पत्रा आहे की स्लॅब, ऐकणाऱ्यांची वयं काय. मग दर सांगितला. ट्रॅकवर गायचं असेल तर नऊ हजार, वादकांसह बावीस हजार. ट्रॅक म्हणजे मूळ गाण्याचं वाजवलेलं संगीत मशीनवर लावायचं आणि गायकाने त्यावर गायचं. मी वादकांसह सांगितलं. गायक एक, गायिका एक, पेटी, तबला, आणि ऑर्गनच्या आवाजासाठी कीबोर्ड. गाडीखर्च त्यांचा, जेवण आपलं, पाच हजार आगाऊ. पावती लगेच व्हॉट्सअॅपवर आली. इथपर्यंत तक्रारीला जागाच नव्हती.

अडचण घरात होती. पेटीवाल्यांनी फर्माईशींची यादी मागितली, आणि अण्णा यादी देईनात. "मूळ घरात असताना नक्कल कशाला ऐकायची? बावीस हजारांत किती पुस्तकं येतील," असं म्हणून कूस बदलून झोपले.

हे मूळ म्हणजे काय, ते सांगते. आमचे आजोबा मिरजेला एका पेढीवर कामाला होते. पगारातून पैसे साठवून त्यांनी चावीचा फोनो घेतला, आणि जमतील तशा तबकड्या. बऱ्याच फुटल्या, काही महापुरात गेल्या. ज्या उरल्या त्यांतल्या दोन-तीन माझ्या भाच्याने कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची 'प्रेम सेवा शरण' आहे. अण्णांच्या लेखी गाणं म्हणजे ते. खाँसाहेब मिरजेला राहिले, १९३७ साली गेले, तिथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं, आणि त्यांच्या नावाने दर्ग्यात अजून गाणं होतं. आजोबा तिथे अण्णांना खांद्यावर बसवून घेऊन जायचे. त्यामुळे ही तबकडी आमच्याकडे देवघरातल्या वस्तूसारखी आहे. दुसऱ्या कुणी ते पद म्हटलं की अण्णा रेडिओ बंद करतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे.

पेटीवाल्यांना फोनवर मी हे सगळं सांगितलं, कारण आयत्या वेळी अण्णा उठून गेले असते तर आमची पंचाईत झाली असती. ते शांतपणे म्हणाले, "ताई, एक विचारू? खाँसाहेब नाटकात कधी होते?"

मी त्या दिवशी दुकानात हिशेब मिळवता मिळवता तेच डोक्यात घोळवत होते. खरंच की. 'प्रेम सेवा शरण' हे 'संगीत मानापमान'मधलं पद. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, म्हणजे आमच्याच सांगलीच्या माणसाचं. ते १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. नाटकाचा नायक धैर्यधर, त्याच्या तोंडचं पद, नाटकात गाणारे नट वेगळे. उत्तरेतल्या किराणा गावाहून आलेल्या खाँसाहेबांना त्या पदाची गोडी लागली आणि त्यांनी ते आपल्या गळ्यातून, आपल्या मराठी उच्चारांत, भीमपलासात गाऊन तबकडीवर ठेवलं. म्हणजे ज्याला आमच्या घरात तीन पिढ्या मूळ म्हणतात, तेच मुळात दुसऱ्याचं गाणं परत गायलेलं आहे. आजच्या भाषेत कव्हर. आणि ते इतकं मोठं झालं की पहिल्या धैर्यधराने हे पद कसं म्हटलं होतं, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडला नाही.

मी हे अण्णांना कार्यक्रमाआधी बोलले नाही. वाढदिवसाच्या तोंडावर बापाशी वाद घालायचा नव्हता. यादीत मात्र ते पद घातलं.

आता मैफलीबद्दल. आधी चुकलेलं लिहिते.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, पण तबलजी आलेले नव्हते. ते दुसऱ्या गाडीने येणार होते आणि मिरजेच्या पुलाजवळ अडकले. मग नांदी झाल्यावर पहिली दोन पदं ट्रॅकवर झाली. ट्रॅक वाईट नव्हता, पण ट्रॅकवर गाणाऱ्याला थांबता येत नाही. पुढच्या दोन रांगांतल्या लोकांनी दाद दिली, गायकाला तीच जागा परत घ्यावीशी वाटली हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मशीन पुढे निघून गेलं. नाट्यसंगीतात हे चालत नाही. बालगंधर्वांच्या एकेका पदाला किती वन्समोअर पडायचे, रात्रभर नाटकं चालायची, हे आपण ऐकत आलोय. ऐकणाऱ्याने मागितलं की गाणाऱ्याने द्यायचं, हा त्या गाण्याचा जीव आहे. वादकांसह पैसे ठरवले असतील तर वादक सगळे एका गाडीतून येणार का, हे नक्की विचारा.

दुसरी चूक माइकची. साउंडवाला पोरगा त्यांनीच आणला होता. त्याने एको इतका वाढवून ठेवला की शब्द एकमेकांवर आपटायला लागले. ज्यांच्या कानाला मशीन आहे त्यांचे फार हाल होतात अशा आवाजाने. माझ्या आत्याने मशीन काढून पदरात बांधलं. मी दोनदा सांगितलं, तेव्हा मध्यंतरात तो एको उतरवला. म्हणजे जवळजवळ तासभर वाया गेला. नाट्यपदात शब्द कळलाच पाहिजे, हे त्या पोराला कुणी शिकवलेलं नव्हतं.

हिशेब करताना मी या दोन्हींचे मिळून दीड हजार कमी दिले. पेटीवाल्यांनी हुज्जत घातली नाही, उलट माफी मागितली. ही त्यांची जमेची बाजू.

गायकाबद्दल मला दोन मनं आहेत. माणूस तयारीचा, पन्नाशीचा, आवाज गोड. त्यांनी बालगंधर्वांची 'स्वयंवर'मधली दोन पदं म्हटली आणि हुबेहूब म्हटली. रेकॉर्डवर जिथे श्वास घेतलाय तिथेच श्वास, जिथे शब्द किंचित ओढलाय तिथेच ओढ, हरकतीही त्याच. डोळे मिटून ऐकलं तर तबकडीची खरखर तेवढी नव्हती. टाळ्या भरपूर पडल्या. पण वन्समोअर कुणी म्हणालं नाही. अण्णा माझ्याकडे वाकून म्हणाले, "छान म्हणतोय. पण हे माझ्याकडे घरी आहे."

तेव्हापासून मी विचार करतेय. एवढी मेहनत घेऊन तंतोतंत गाणाऱ्या माणसाचं गाणं आमच्यात का मुरलं नाही? मला वाटतं, चूक त्या तबकडीला मूळ मानण्यात आहे. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बालगंधर्व रंगमंचावर तेच पद ऑर्गन, सारंगी आणि थिरकवाँसाहेबांच्या तबल्यासोबत लोक सोडतील तोपर्यंत गायचे, रोज वेगळं. रेकॉर्डिंगच्या खोलीत त्यांनी त्यातलं मूठभर ठेवलं, तेही तबकडी संपायच्या आत आटपायचं म्हणून. ती मूठ आपल्याकडे आहे हे आपलं भाग्य. पण जो गायक त्या मुठीचीच मोजून नक्कल करतो, तो बालगंधर्वांची नक्कल करत नाही, घड्याळाची करतो. तबकडीच्या पलीकडे जे राहिलं तिकडे जायला गाणाऱ्याला मोकळीक आहे. मूळ गायकानेही तेच केलं असतं, उद्याच्या प्रयोगात.

मध्यंतरात चहा, वडे झाले. चहाच्या वेळी आई आणि पेटीवाले यांचं जे बोलणं झालं ते मला इथे लिहायचंच आहे, कारण या वादाची दुसरी बाजू मला तिथे कळली.

पेटीवाले म्हणाले की पुढच्या वेळी 'गीतरामायण' ठेवा, आमच्याकडे बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, चालीवर सगळं बसवलेलं आहे. आई म्हणाली, "बाबूजींच्याच चाली हो, पण आवाज कुणाचे?" त्यांना कळेना. आई सांगायला लागली. १९५५ सालच्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं तेव्हा ती सात वर्षांची होती. घरी रेडिओ नव्हता, शेजारच्या वाड्यात होता. गदिमांची छप्पन्न गीतं, आठवड्याला एक, वर्षभर. आणि ती एकट्या सुधीर फडक्यांनी गायलेली नव्हती. वेगवेगळी पात्रं, वेगवेगळे गळे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे, ललिता फडके, लता मंगेशकरसुद्धा. पुढे बाबूजींनी सगळी छप्पन्न स्वतःच्या आवाजात गायली, गावोगाव कार्यक्रम केले, रेकॉर्ड निघाल्या, आणि आता 'गीतरामायण' म्हटलं की एकच आवाज.

"सीता तेव्हा बाई होती," आई म्हणाली. "माणिकताई गायच्या. आमच्या वाड्यातल्या बायका पदर डोळ्यांना लावून ऐकायच्या. बाबूजींची सीता मला कळते, पण ती सीतेबद्दल सांगितलेली गोष्ट वाटते. माणिकताईंची सीता बोलायची."

मी स्वतः बाबूजींच्या आवाजातच वाढले. एका गळ्यातून राम, कौसल्या, भरत, शूर्पणखा ऐकायची मला सवय आहे, आणि मला ते जास्त आवडतं. कीर्तनकार जसा एकटा उभा राहून सगळी कथा उभी करतो, तसं वाटतं. शब्दांचे उच्चार तर इतके स्वच्छ की ऱ्हस्व-दीर्घसुद्धा कानाला कळतं. माझ्या मते इथे दुसरी आवृत्ती पहिलीच्या पुढे गेली, आणि ती चाल बांधणाऱ्याचीच असल्यामुळे तिला उणं म्हणायला कुणी धजावत नाही. पण आईने जे ऐकलं ते मी कधी तशा कानांनी ऐकलं नाही, हेही खरं आहे. दुसरं गाणं मोठं झालं की पहिलं नुसतं मागे पडत नाही, ते ऐकलेल्या माणसांसोबत संपत जातं. आईला ते माहीत आहे. म्हणून ती बाबूजींवर कधीच टीका करत नाही, फक्त माणिकताईंचं नाव घेते.

मध्यंतरानंतर तबलजी स्थिरावले, एको गेला, आणि खरी मैफल सुरू झाली.

भाच्याच्या फर्माईशीवरून 'घेई छंद मकरंद' झालं. भाचा पंचवीसचा, त्याने 'कट्यार काळजात घुसली' २०१५ च्या सिनेमात पाहिलेलं. त्याच्या दृष्टीने ते शंकर महादेवनचं गाणं. गायकांनी सुरुवातीला छान सांगितलं की १९६७ सालच्या मूळ नाटकातच या पदाच्या दोन चाली आहेत, एक नाटकातल्या पंडितजींची संथ आणि एक नाटकातल्याच खाँसाहेब या पात्राची चपळ, दोन्ही जितेंद्र अभिषेकींनी बांधलेल्या. दोन घराणी एकाच पदाला कशी भिडतात, ते नाटकात दाखवायचं होतं. त्यांनी दोन्ही म्हटल्या. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब ज्यांनी पाहिलाय अशी चार-पाच माणसं हॉलमध्ये होती, ती सरसावून बसली. भाचा त्या रात्री घरी जाऊन वसंतरावांचं रेकॉर्डिंग शोधून ऐकत बसला होता. सिनेमातलं गाणं त्याला अजूनही जास्त आवडतं. मला वसंतरावांचं. त्यांच्या आवाजात जो बेदरकारपणा आहे, एखादी तान फेकून देऊन मागे न बघण्याचा, तो मला पुढे कुणात सापडला नाही. सिनेमात तेच पद फार सजवून, फार काळजीपूर्वक ठेवलंय.

आणि आता ती मुलगी.

वय पंचवीस-सव्वीस असेल. साधी कॉटनची साडी, हातात एकच बांगडी. सोबत स्वतःचा तंबोरा आणलेला, मिरजेच्या कारागिराने केलेला, गवसणीत घालून मांडीवर धरून एसटीने आलेली. बाकी ग्रुपकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, तरी हिने आपला जुळवायला घेतला. चहाच्या गोंगाटात कोपऱ्यात बसून ती जव्हारीचा दोरा, म्हणजे झंकार उमटावा म्हणून तारेखाली घालतात तो, पुढे-मागे सरकवत होती. साउंडवाला घाई करत होता, "मॅडम, मशीनवर आहे की." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. दहा-बारा मिनिटांनी तिचे खांदे सैल झाले तेव्हा मला कळलं की जुळला.

तिने आधी 'शूरा मी वंदिले' म्हटलं. हे दीनानाथ मंगेशकरांचं, आणि नंतर त्यांच्या लेकीचं, आशाताईंचं. इथे मी माझं मत सांगते, पटो न पटो. दीनानाथांची रेकॉर्ड म्हणजे घणाखालून उडणाऱ्या ठिणग्या. कुठून कुठे उडी मारतील ते कळत नाही, आणि दुसऱ्यांदा ऐकतानाही कळत नाही. आशाताईंनी वडिलांची पदं गायली त्यात प्रत्येक ठिणगी मोजून बघता येते. आशाताई आठ वर्षांच्या असताना वडील गेले. त्यांच्या सांगलीतल्या घरात जे कानावर पडलं तेवढ्या शिदोरीवर पुढे ही पदं गायली आणि एकेक तान घासूनपुसून ठेवली. मी आशाताईंचं 'युवती मना' रोज ऐकू शकते, भाजी निवडतानाही. दीनानाथांचं ऐकायचं तर हातातलं काम ठेवावं लागतं. रोज ऐकलं जाणारं गाणं मोठं की काम ठेवायला लावणारं? मला दोन्ही हवीत, पण पुढे गेलं कोण असं विचाराल तर या एका पदापुरतं मी लेकीचं नाव घेईन. अण्णांना हे कधीच पटणार नाही. आजोबांनी दीनानाथांना रंगमंचावर पाहिलं होतं, आणि तो शब्द आमच्याकडे शेवटचा असतो.

मग 'प्रेम सेवा शरण'.

मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं, आता उठतात.

मुलीने मुलतानीत सुरुवात केली. ही चाल दीनानाथांची. त्यांनी आपल्या बलवंत मंडळीत 'मानापमान' केलं तेव्हा काही पदांच्या टेंब्यांच्या चाली बाजूला ठेवून आपल्या बांधल्या, त्यातली ही. पेटीवाल्यांनी आधी सोप्या शब्दांत समजावलं होतं. भीमपलास आणि मुलतानी, दोन्ही दुपार कलल्यानंतरचे राग. दोन्ही वर चढताना रिषभ आणि धैवत टाळतात. म्हणजे शिडी एकच, पण पायऱ्या हललेल्या. भीमपलासात मध्यम शुद्ध आणि निषाद कोमल, मुलतानीत मध्यम तीव्र होतो, निषाद शुद्ध. उतरताना मुलतानीत रिषभ-धैवत कोमल लागतात, आणि तिथेच काळजात काहीतरी हलतं. त्यांनी पेटीवर दोन्ही वाजवून दाखवलं. आमच्याकडच्या बायाबापड्यांनासुद्धा फरक कळला.

मुलगी रेकॉर्डवरचं काहीच म्हणत नव्हती. लय तिने बरीच खाली ठेवली. 'प्रेम सेवा शरण' इतकंच दोन-तीन वेळा वेगवेगळ्या वाटांनी घेतलं, आणि चौथ्यांदा 'शरण'वर आल्यावर थांबली. ठेका चालू, तंबोरा चालू, पेटीवाल्यांनी हातही उचलला. ती नुसती बसून राहिली. एक आवर्तन गेलं. मग समेच्या अलीकडून 'सहज' हा शब्द तिने इतका हलका सोडला की पुढचं 'जिंकी मना' म्हणायच्या आधीच समोरून कुणीतरी "अहाहा" म्हणालं.

ते अण्णा होते.

पद संपलं तेव्हा अण्णांनी काठी आपटली. आमच्याकडे ही टाळीची पद्धत नाही, पण त्या दिवशी झाली. मग म्हणाले, "बाळ, हे दीनानाथांचं झालं. भीमपलासात येतं का?"

तिने पेटीवाल्यांकडे पाहिलं, पेटीवाल्यांनी नुसती मान हलवली, आणि ती म्हणाली, "खाँसाहेबांसारखं येणार नाही, आजोबा. माझं म्हणू का?"

"तुझंच म्हण."

तिने मुलतानीचा तो ताण अंगावरून उतरवायला थोडा वेळ घेतला. तंबोऱ्यावर बराच वेळ नुसता षड्ज, मग खर्जात निषाद, मग गंधार. आणि भीमपलास आला तो सकाळी अंगणात सडा टाकल्यावर जसं गार वाटतं तसा. सात-आठ मिनिटं गायली. खाँसाहेबांच्या तबकडीवर जे आहे त्यातलं काही तिने घेतलं, ती लांब, दोऱ्यासारखी न तुटणारी ओढ, पण अगदी एकदाच, नमस्कार करावा तशी. बाकी सगळं तिचं. 'शरण'नंतरची ती थांबण्याची जागा तिने इथेही ठेवली, आणि या वेळी आम्ही सगळेच तिच्याबरोबर थांबलो होतो.

ते खाँसाहेबांपेक्षा सरस होतं का? मी खाँसाहेबांना खरखरीतून ऐकलंय, तीन मिनिटांत ऐकलंय, हिला समोर बसून सात मिनिटं ऐकलं. तराजूच्या दोन पारड्यांत वजनंच वेगळी आहेत. पण त्या हॉलमध्ये, त्या सात मिनिटांत, मला तबकडीची आठवण झाली नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. एवढं मी हिशेबाच्या वहीत लिहावं तसं लिहून देते.

पैसे वसूल झाले का, तर झाले. एकूण खर्च त्यांचे साडेवीस, हॉलचा आणि चहापाण्याचा वेगळा. पाचपैकी चार तारे देईन. एक कापला तो एको आणि ट्रॅकचा. कुणी बोलावणार असाल तर चार गोष्टी सांगते. ट्रॅक चालणार नाही हे आधीच स्पष्ट सांगा. साउंडवाल्याला अर्धा तास आधी बोलवून शेवटच्या रांगेत एखाद्या वयस्कर माणसाला बसवून आवाज तपासा. पदांची यादी द्या, पण कुणाच्या रेकॉर्डसारखं हवं असं सांगू नका. आणि गायिका कोण येणार ते विचारा, कारण असे ग्रुप माणसं बदलत असतात. मी पेटीवाल्यांकडून कबूल करून घेतलंय की आईच्या पंचाहत्तरीनंतरचा जो कार्यक्रम राहिलाय त्याला हीच मुलगी येईल, आणि सीतेची गाणी तीच म्हणेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातून जेवायला घरी आले तर अण्णा खिडकीशी बसून पेनड्राइव्ह लावायला भाच्याला सांगत होते. खाँसाहेब सुरू झाले. अण्णांचा हात गुडघ्यावर ठेका धरून होता. 'शरण' आलं, आणि हात हवेतच राहिला. तबकडीवर खाँसाहेब न थांबता पुढे गेले होते. अण्णांनी भाच्याला खूण करून ते बंद करायला लावलं, परत पहिल्यापासून लावायला सांगितलं, आणि मला म्हणाले, "बघ, इथं थांबली होती ती."